मिसिंग, गचका आणि बंद पडणे : जुन्या पिकअपच्या इंजिनाचे रोगनिदान

कार्तिकात कापसाची वेचणी भरात आली म्हणजे परभणी जिल्ह्यातील सेलूच्या बाजारपेठेकडे येणाऱ्या रस्त्यांवर मालवाहू गाड्यांची रीघ लागते. पाथरी, मानवत, जिंतूर, परतूर या चारही बाजूंनी येणाऱ्या या गाड्यांत नव्याकोऱ्या थोड्या, आणि दोनतीन मालकांच्या हातांखालून गेलेल्या बऱ्याच असतात. अशा जुन्या गाडीचे इंजिन रस्त्यात गचके खाऊन बंद पडले, तर अडून राहतो तो केवळ तिचा मालक नव्हे. ज्याचा कापूस तिच्यात भरलेला असतो, त्याचा त्या दिवसाचा भाव आणि मजुरांचा रोज हेही तिच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभे राहतात. पुढे गाडी दुरुस्तीला नेली म्हणजे दुसरे संकट सुरू होते. प्लग बदलले, गुण नाही. कॉईल बदलली, गुण नाही. कार्ब्युरेटर उघडून धुतला, दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी पहिलाच पाढा. खर्च झालेल्या पैशांपैकी बराचसा दुरुस्तीवर नव्हे, तर चुकीच्या निदानावर झालेला असतो. हे निदान कसे करावयाचे, आणि ते करताना चालकाच्या व मिस्त्रीच्या बोलीची कोणती मदत होते, याचा विचार येथे योजिला आहे.

प्रथम गाडीच्या नावाविषयी थोडे. महाराष्ट्रात लहान मालवाहू गाडीस ‘टेम्पो’ म्हणतात. हे मूळ हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे विशेषनाम. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने 1958 नंतर ती तीनचाकी गाडी येथे रूढ केली आणि विशेषनामाचे सामान्यनाम होऊन गेले. आज कोणत्याही कारखान्याची गाडी टेम्पो ठरते. ‘पिकअप’ हा शब्द मात्र दुहेरी अर्थाने आला. एक अर्थ उघड्या हौद्याची मालगाडी, आणि दुसरा अर्थ गाडीची वेग घेण्याची शक्ती. त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ हे वाक्य मराठीत कोणालाही विनोदी न वाटता बोलले जाते व बिनचूक समजले जाते. ‘मिसिंग’चीही गत तशीच. इंग्रजीतील धातुसाधित रूप मराठीत नाम म्हणून नांदू लागले आणि त्याला करणे, मारणे, येणे अशी क्रियापदे जोडली गेली. गाडी मिसिंग करते म्हणजे तिच्या एखाद्या सिलिंडरात जो स्फोट व्हावयास हवा तो होत नाही, किंवा अर्धवट होतो. ज्याला आपण मिस्त्री म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. तेव्हा या क्षेत्रातील परिभाषेच्या शुद्धतेविषयी फार सोवळे पाळण्यात अर्थ नाही.

विवेचनासाठी नमुना म्हणून जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन घेणे सोयीचे होईल. महिंद्र कंपनीने 1947 पासून विलीज जीप भारतात जोडण्यास प्रारंभ केला. पुढे त्या घराण्यातील गाड्यांना, व जीपच्याच अंगांवर उभारलेल्या मालवाहू प्रकारांना, ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरांचे, सुमारे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन बसविलेले असे. सगळे अवयव उघडे, हाताला येणारे. शिकणाऱ्यास यापरता चांगला गुरू नाही. या इंजिनात ठिणगी 1-3-4-2 या क्रमाने पडते. चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक पद्धतीत मुख्य दांड्याच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरात एक स्फोट होतो. इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांनी संथ चालत असेल, तर सेकंदाला एकूण 20 स्फोट व्हावयास हवेत, प्रत्येक सिलिंडराच्या वाट्याला 5. कान इतके वेगळे मोजू शकत नाही. पण वीस समान ठोक्यांतून ठराविक जागचा ठोका गळू लागला, तर लय मोडल्याचे त्याला तत्काळ कळते. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला म्हणजे तोच प्रकार स्पर्शानेही समजतो.

स्फोट होण्यास चार गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल व हवा, सिलिंडरातील पुरेसा दाब, जोमदार ठिणगी, आणि ती ठिणगी पडण्याची अचूक वेळ. यांतील एक जरी ढळली तरी इंजिन मिसिंग करते. एक जरी सर्वस्वी नाहीशी झाली तर बंद पडते. म्हणून लक्षण एक आणि कारणे अनेक, अशी ही स्थिती आहे. निदानाचे सर्व कौशल्य या अनेकांतून एक निवडण्यात आहे.

ही निवड पाना हातात घेण्याआधीच, चालकाच्या वाक्यातून सुरू होते. मराठवाड्याच्या बोलीत चालू असलेली वा वारंवार होणारी क्रिया ‘-आयला, -आयली’ या रूपाने व्यक्त होते. ‘गाडी बंद पडली’ आणि ‘गाडी बंद पडायली’ ही दोन निरनिराळी निवेदने आहेत. पहिल्यात एक घटना आहे. दुसऱ्यात एक खोड आहे. एकदाच बंद पडलेल्या गाडीत पेट्रोल संपलेले असू शकते, वायर तुटलेली असू शकते. ‘पडायली’ म्हणणारा चालक मात्र असा दोष सांगत असतो जो येतो आणि जातो, आणि जो येतो-जातो त्याला येण्याजाण्याची काही अट असलीच पाहिजे. ती अट वाक्याच्या पूर्वार्धात असते. ‘रेस सोडली की बंद पडायली’, ‘तापली की बंद पडायली’, ‘चढाला लागली की गचके खायली’, ‘पाऊस झाला की सकाळी मिसिंग करायली’. या चारही वाक्यांचा उत्तरार्ध जवळजवळ सारखा आहे. निदान पूर्वार्धात, त्या ‘की’च्या अलीकडे आहे.

पहिले वाक्य घ्या. रेस दिली असता नीट चालणारे आणि सोडताच बंद पडणारे इंजिन संथगतीच्या व्यवस्थेत बिघाड दाखविते. कार्ब्युरेटरातील संथगतीचे सूक्ष्म छिद्र कचऱ्याने बुजलेले असते, किंवा कार्ब्युरेटरखालच्या गास्किटातून चोरटी हवा आत शिरते. वेगात आत जाणाऱ्या पुष्कळ हवेत ती थोडी चोरटी हवा हिशेबात येत नाही. संथ चालीत येते. हरिकेन इंजिनात हवा आत नेणारा मार्ग सिलिंडरांच्या माथ्यातच ओतलेला आहे, त्यामुळे अन्य इंजिनांत जो सांधा हटकून गळतो तो येथे नाहीच, आणि संशयाचे क्षेत्र तेवढे आक्रसते. पावसाळी सकाळचे मिसिंग डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवरील ओलाव्याकडे वा तिच्यातील केसासारख्या चिरेकडे बोट दाखविते. अंधारात बॉनेट उघडून चालते इंजिन पाहिले तर टोपीवरून किंवा जुन्या वायरींवरून वाट चुकलेल्या निळसर ठिणग्या प्रत्यक्ष दिसतात. चढावरील गचके हे भार आल्यावर पेट्रोल अपुरे पडते किंवा ठिणगी अशक्त आहे याचे चिन्ह होय. तापल्यावर बंद पडण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असल्याने त्याकडे पुढे स्वतंत्रपणे वळावे लागेल.

मिसिंग कोणत्या सिलिंडरात आहे हे ठरविण्याची मिस्त्री लोकांची रीत जुनी व सर्वत्र रूढ आहे. इंजिन संथ चालू ठेवून एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने क्षणभर काढावयाची आणि तिचे टोक इंजिनाच्या धातूशी टेकवून धरावयाचे. निरोगी सिलिंडराची वायर काढली की इंजिनाची चाल आणखी ढासळते. ज्याची वायर काढूनही चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. न्यायशास्त्रात ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात तीच ही पद्धती : एक असता दुसरे असणे, एक नसता दुसरे नसणे. व्याकरणाच्या अभ्यासकाला ती विशेष परिचित आहे. प्रातिपदिकाच्या लक्षणाची चर्चा करताना पतंजलीने महाभाष्यात ‘वृक्षः’ आणि ‘वृक्षौ’ ही रूपे शेजारी मांडून कोणता ध्वनी गेला, कोणता आला, कोणता टिकला, आणि त्याबरोबर कोणता अर्थ गेला, आला, टिकला, हे दाखविले आहे. शब्दाचा कोणता अंश कोणत्या अर्थास कारण आहे हे ठरविण्याची ती रीत आणि कोणता सिलिंडर मुका आहे हे ठरविण्याची ही रीत यांत तत्त्वतः भेद नाही.

मुका सिलिंडर सापडला, समजा तो दुसरा आहे. आता उतावीळपणे त्याला नवा प्लग बसवू नये. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात घालावा, बाकी काहीही हलवू नये. मिसिंग तिसऱ्याकडे गेले तर प्लग दोषी. दुसऱ्यातच राहिले तर प्लग निर्दोष. मग वायरींची अशीच अदलाबदल. दोष वस्तूबरोबर जातो की जागेवर राहतो, एवढाच प्रश्न. या चाचणीला पैसा लागत नाही, लागते ती एका वेळी एकच वस्तू हलविण्याची शिस्त. गिऱ्हाईक घाई करीत उभे असते, आणि मिस्त्री एकाच दमात प्लग, पॉइंट व कंडेन्सर तिन्ही बदलून मोकळा होतो. गाडी सुरू झाली तरी कशाने झाली हे कोणालाच समजत नाही. नवी वस्तूही कधी सदोष असते, आणि तसे झाले तर मूळ दोषावर दुसरा दोष चढून बसतो.

प्लग बाहेर काढलाच आहे तर त्याचे तोंड पाहून घ्यावे. फिकट तपकिरी तोंड आरोग्याचे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, ओला तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन तेल खात आहे, आणि पांढरेफटक तोंड म्हणजे पेट्रोल अपुरे किंवा उष्णता अति. चारही प्लग काळे असतील तर दोष सर्वांना समान असलेल्या ठिकाणी, म्हणजे बहुधा कार्ब्युरेटरात किंवा अडकून राहिलेल्या चोकमध्ये. एकच काळा असेल तर दोष त्या सिलिंडराचा स्वतःचा. प्लगच्या टोकांतील अंतर या इंजिनात 0.030 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांचे अंतर 0.020 इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असावे लागते. पॉइंटांवर एका बाजूस खड्डा व दुसऱ्या बाजूस उंचवटा आलेला दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्यावा, कारण पॉइंट उघडताना तेथे उडणारी ठिणगी शोषून घेणे हे त्याचेच काम.

प्लग, वायरी निर्दोष ठरूनही सिलिंडर मुकाच राहिला, तर दाब मोजावा लागतो. इंजिन तापवून चारही प्लग काढावेत, ठिणगीचा प्रवाह तोडून ठेवावा, रेसचा पट्टा पूर्ण दाबून सेल्फ मारावा, आणि प्रत्येक सिलिंडराचा दाब दाबमापकाने लिहून घ्यावा. सिलिंडरांमधील फरक चौरस इंचाला 10 पौंडांच्या पलीकडे गेला तर तो दखलपात्र होय. ज्याचा दाब कमी त्यात चमचाभर इंजिन ऑईल ओतून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कारण तेलाने क्षणभर ती फट बुजविली; न वाढला तर झडप जळालेली असण्याचा संभव अधिक. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरला असेल तर त्यांच्या मधले हेड गास्किट फुटलेले समजावे. येथवर पोहोचलेल्या दोषाला प्लग व कॉईल यांचा कोणताही उपचार लागू पडत नाही. जळालेल्या झडपेच्या गाडीस वर्षभर नवनवे प्लग बसविले जातात, हे दुर्दैवाने अपवादात्मक नाही.

आता ‘तापली की बंद पडायली’ या वाक्याकडे वळू. चैत्र-वैशाखात सेलूच्या परिसरात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि याच काळात ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. गाडी आठदहा मैल नीट धावते, मग दोनचार गचके खाऊन बंद पडते. अर्धा तास लिंबाखाली उभी केली की जणू काही झालेच नाही अशी सुरू होते आणि पुन्हा तितक्याच अंतरावर बंद पडते. या एकाच वर्तनामागे निदान तीन अगदी भिन्न कारणे असू शकतात. (मराठीत ‘निदान’ शब्दाचा ‘कमीत कमी’ हा अर्थही आहे हे येथे सहज लक्षात यावे.) पहिले कारण, कॉईल किंवा कंडेन्सर तापून आतून निकामी होणे, निवल्यावर ते पुन्हा काम करते. दुसरे, पेट्रोलची वाफ होणे. इंजिनावरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढीमुळे नळीतील दाब घटतो, तापलेले पेट्रोल तेथेच उकळते आणि पंपाच्या वाट्याला द्रवाऐवजी वाफ येते. निवल्यावर वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. तिसरे कारण सर्वांत क्षुद्र आणि म्हणूनच सर्वांत शेवटी आठवणारे : टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजलेले असते. पेट्रोल कमी होत जाते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते, ती पंपाला हार जात नाही. गाडी उभी राहिली की हवा फटींतून हळूहळू आत झिरपते आणि पंप पुन्हा ओढू लागतो. तिन्ही रोग अर्ध्या तासाच्या विश्रांतीने बरे होतात. म्हणजे विश्रांती घेऊन दुकानापर्यंत पोहोचलेल्या गाडीत या तिहींपैकी एकाचीही खूण उरलेली नसते.

यास्तव या रोगाचे निदान बंद पडल्या क्षणीच, रस्त्यावर करावे लागते. त्याचाही क्रम आहे. प्रथम ज्या पाहणीने स्थिती बदलत नाही ती करावी. हवागाळणी काढून कार्ब्युरेटराच्या तोंडात पाहत रेसचा दांडा हाताने एकदा ओढावा. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर तेथपर्यंत पेट्रोल पोहोचले आहे. गाळणी पुन्हा बसवून, सांडलेले पेट्रोल पुसून, त्यानंतरच ठिणगी पाहावी : कॉईलमधून येणारी जाड वायर इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर पकडीने धरावी आणि सेल्फ मारावा. चिळकांडी आहे आणि ठिणगी नाही, तर विजेचा दोष. मग आधी केवळ कंडेन्सर बदलून गाडी तेवढेच अंतर चालवावी, गुण नसेल तर जुना कंडेन्सर परत लावून मग कॉईल. ठिणगी आहे आणि चिळकांडी नाही, तर पेट्रोलचा दोष. आता टाकीचे झाकण सावकाश उघडावे व कान द्यावा. हवा आत ओढली जाताना सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर एका सुईने भागण्यासारखे काम आहे. आवाज नाही, गुणही नाही, तर पंपावर व नळीवर ओले फडके टाकावे. गाडी सुरू झाली तर वाफेचा रोग निश्चित. नळी सायलेन्सरच्या नळाजवळून जात असेल तर ती दूर बांधावी.

ओल्या फडक्याची युक्ती आपल्याकडील चालकांना पूर्वापार ठाऊक आहे. ते फक्त एक फडके पंपावर टाकतात, दुसरे कॉईलवर, आणि झाकणही उघडून ठेवतात. गाडी घरी पोहोचते. उद्या ती पुन्हा बंद पडेल तेव्हा कालच्या अनुभवातून काहीही हाती लागलेले नसते. आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील ‘निदान’ म्हणजे रोगाचा हेतू. आज आपण त्या शब्दाने संपूर्ण परीक्षेचा बोध करून घेतो. ‘उपशय’ म्हणजे विशिष्ट औषध, आहार किंवा आचरण देऊन गुण येतो का ते पाहणे व त्यावरून गूढ रोग ओळखणे. ओले फडके हा उपशय आहे. चोक किंचित ओढल्यावर गचके थांबले तर पेट्रोल अपुरे पडत होते असे ओळखणे हाही उपशयच. मात्र वैद्याने तीन काढे एकदम पाजले तर त्याला उपशय म्हणता येत नाही.

अलीकडे या जुन्या इंजिनांपुढे एक नवे कारण उभे राहिले आहे. भारतात 2025 पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर नेण्यात आले. इथेनॉल जुन्या टाकीतील साचलेली घाण सोडविते व ती कार्ब्युरेटरात येऊन बसते. जुन्या रबराचे पडदे व नळ्या ते फुगविते. आणि त्यात मुळातच प्राणवायू असल्यामुळे शुद्ध पेट्रोलवर जुळविलेल्या कार्ब्युरेटराचे मिश्रण पातळ पडते. पाण्याचीही त्याला ओढ असल्याने अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी ठेवणे हितावह नाही.

डिझेल पिकअपमध्ये ठिणगी नाही, प्लगच्या वायरीही नाहीत, तरी परीक्षा तीच. चालत्या इंजिनात एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीची चक्री किंचित सैल करावयाची. ज्या नळीने चाल बदलत नाही तो सिलिंडर मुका. हे करताना हात व तोंड दूर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण त्या दाबाचा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि त्याची जखम दिसते त्याहून फार गंभीर असते. डिझेल गाडी वारंवार बंद पडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे इंजिनाने ‘एअर धरणे’. गाळणीच्या वायसरमधून वा झिजलेल्या नळीतून हवा आत शिरते. गंमत अशी की जेथून हवा आत येते तेथून डिझेल बाहेर गळेलच असे नाही, कारण तो भाग ओढीखाली असतो. म्हणून मिस्त्री मधल्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावतो आणि बुडबुडे कोणत्या सांध्यानंतर सुरू होतात ते पाहत मागे मागे जातो.

इंजिनावर संगणकाची देखरेख असलेल्या आजच्या पेट्रोल व सीएनजीच्या छोट्या मालवाहू गाड्यांत हे सर्व स्कॅनर सांगतो असा समज आहे. स्कॅनर ‘पी 0301’ असा संकेत दाखवितो. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरात मिसिंग आहे एवढाच. वायर काढून कानाने जे कळत असे ते येथे अंकांत कळले. पंचकाच्या भाषेत हे रूप आहे, हेतू नव्हे. ‘पी 0300’ हा संकेत तर मिसिंग कोणत्या एका सिलिंडराचे नाही इतकेच म्हणतो, आणि मग पुन्हा सर्वांना समान असलेल्या कारणांकडे जावे लागते. ज्या इंजिनांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉईल आहे, तेथे जाणता मिस्त्री संकेत पाहून नवी कॉईल मागवीत नाही. तो पहिल्याची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवितो, संकेत पुसतो, गाडी सेलूच्या स्टेशनापर्यंत नेऊन परत आणतो, आणि स्कॅनर आता ‘पी 0303’ म्हणतो की पुन्हा ‘पी 0301’च, हे पाहतो.